विचारलं तेवढंच

उत्तनमध्ये नवख्या माणसाने पत्ता विचारताना फार जपावं. पत्ता मिळत नाही म्हणून नव्हे, फार मिळतो म्हणून. चार वर्षांपूर्वी बदली होऊन मी इथल्या शाखेत आलो, तेव्हा भाईंदर पश्चिमेहून सुटणाऱ्या बसमध्ये शेजारच्या गृहस्थांना एवढंच विचारलं होतं, "बँकेसाठी कुठे उतरायचं हो?" मुर्धा येईपर्यंत मला उतरायची जागा कळली. राई येईपर्यंत आधीच्या मॅनेजरांचा रक्तदाब कळला. मोर्व्याला त्यांच्या सौभाग्यवतींचं आणि सासूबाईंचं का पटत नव्हतं ते कळलं, आणि डोंगरीचा चढ संपतो न संपतो तोच त्या गृहस्थांनी स्वतःच्या धाकट्या चिरंजीवांचे दहावीचे मार्क विषयवार सांगून टाकले. मी उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्ता आणि तीन कुटुंबांची गुपितं होती. गृहस्थांनी माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

मराठी माणूस तोलूनमापून बोलतो असा एक समज आहे. तो बहुधा पुण्याच्या दुकानदारांवरून पडला असावा. बाकी सगळीकडे आपण विचारलेल्याचं उत्तर देऊन झालं की न विचारलेल्याकडे वळतो. आणि त्यात आपल्याला पाप वाटत नाही, उलट पुण्य वाटतं. "विचारलं तेवढंच सांगितलं" हे वाक्य आपण माणसाच्या कौतुकासाठी वापरत नाही. तुसडा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, बँकेच्या कारकुनाने नीतिशास्त्रात कशाला पडावं? मलाही ते मान्य आहे. मी बी.कॉम. आहे. आमच्या अभ्यासक्रमात तत्त्वज्ञान नव्हतं. पाप आणि पुण्य हे शब्द आम्हाला नावे आणि जमा या रूपातच भेटले. पण पुढे बँकेच्या परीक्षा देताना एक खटला पाठ केला होता, तो मात्र डोक्यातून गेला नाही. 1924 चा टूर्नियर विरुद्ध नॅशनल प्रोव्हिन्शियल बँक. टूर्नियर नावाच्या गरीब माणसाकडे बँकेचे नऊ-सव्वानऊ पौंड येणं होतं. मॅनेजरला त्याचा घरचा पत्ता हवा होता, म्हणून त्याने टूर्नियरच्या मालकाकडे फोन केला. काम केवढं? पत्ता विचारायचा आणि फोन ठेवायचा. पण मॅनेजर बोलत गेला. याच्याकडे आमचे पैसे अडकलेत, आणि हा घोड्यांवर पैसे लावत असावा असा आम्हाला संशय आहे, हेही त्याने सांगून टाकलं. टूर्नियरची नोकरी गेली. तो कोर्टात गेला, आणि ग्राहकाची माहिती गुप्त ठेवणं हे बँकेचं कायदेशीर कर्तव्य आहे, असं अपील कोर्टाने ठरवलं. आज देशोदेशीच्या बँका ज्या गुप्ततेच्या आणाभाका घेतात, त्यांच्या मुळाशी हा एक बडबड्या मॅनेजर आहे.

या प्रश्नावर मी परीक्षेत सोळापैकी तेरा मार्क मिळवले होते. पुढे जे सांगणार आहे ते तेरा मार्कांच्या पार्श्वभूमीवर वाचावं.

आमच्या खातेदारांत एक मावशी आहेत. नाव सांगत नाही; एवढं तरी मी आता शिकलोय. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला रुमाल, हातात पासबुक गुंडाळलेली प्लास्टिकची पिशवी. नवरा गेल्यावर बोटीतला त्याचा वाटा विकून आलेले पैसे तिने मुदत ठेवीत ठेवले होते. चार लाख. गेल्या वर्षी एका दुपारी तिचा पुतण्या पासबुक घेऊन माझ्या खिडकीशी आला. म्हणाला, "साहेब, आत्याची पेन्शन जमा झाली का, तेवढं बघता?" मी बघितलं. झाली होती. इथे उत्तर संपलं होतं. पण समोर पडद्यावर तिचं सगळं मांडलेलं, पोरगा सालस, बाहेर ऊन, आणि माझ्या अंगात सेवाभाव चढलेला. मी म्हणालो, "झाली हो. आणि मावशींना सांग, त्यांची चार लाखांची एफडी पुढच्या चौदा तारखेला पिकतेय. रिन्यू करायला घेऊन ये त्यांना."

पोरगा "थँक्यू साहेब" म्हणून गेला. मला बरं वाटलं. त्या दिवशी घरी गेल्यावर हिला मी सांगितलंसुद्धा, की खेड्यातल्या शाखेत माणुसकी अजून टिकून आहे.

चौदा तारखेला तो मावशीला घेऊन आला. रिन्यू करायला नव्हे, मोडायला. बोटीचं इंजिन बसलं होतं, नवं घ्यायचं होतं. पोरगा दुष्ट नव्हता हो. घरात इंजिनाची चर्चा चालू होती, पैसे कुठून आणायचे हा प्रश्न होता, आणि उत्तर बँकेच्या कारकुनाने न विचारता आणून दिलं. मावशीने मुकाट्याने सही केली. माझ्याकडे बघितलं नाही. त्यानंतर ती बँकेत आली की माझ्या एक नंबरच्या खिडकीपुढे चिटपाखरू नसलं तरी दोन नंबरच्या रांगेत जाऊन उभी राहते.

गंमत अशी की, हे कुठेच नोंदलेलं नाही. आमच्या संगणकात कोणी कोणाचं खातं किती वाजता उघडून पाहिलं याची नोंद राहते. पण मी ते रीतसरच उघडलं होतं. तोंडाने काय बाहेर गेलं याची नोंद ठेवणारं यंत्र अजून आमच्या शाखेत बसवलेलं नाही. ऑडिटर आले, चहा पिऊन गेले. माझा कारभार स्वच्छ आहे.

मला एवढ्यावर झोप लागायला हरकत नव्हती. लागली नाही, त्याला आमचा भाचा जबाबदार आहे.

हा भाचा हिंजवडीला संगणकात काम करतो. 2014 च्या एप्रिलमध्ये एका रात्री अकरा वाजता त्याचा फोन आला. रात्री अकराला फोन म्हणजे मी आधी नातेवाइकांच्या वयांचा आढावा घेतला. पण तो म्हणाला, "मामा, सगळे पासवर्ड बदलावे लागतील. पण लगेच बदलू नकोस." मी म्हणालो, आधी तू झोप. माझा पासवर्ड तेव्हा एकच होता. मुलीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, सहाही ठिकाणी तोच, आणि तो मी कोणाला कळू नये म्हणून डायरीच्या शेवटच्या पानावर 'दूधवाला' या शीर्षकाखाली लिहून ठेवला होता. (हिने त्या पानावरून दूधवाल्याचा हिशेब करायचा प्रयत्न करून झाला होता.) पण भाच्याने पुढच्या रविवारी घरी येऊन समजावलं, ते असं.

आपण संगणकावर बँकेचं किंवा पोस्टाचं पान उघडतो तेव्हा वर कोपऱ्यात एक चिमुकलं कुलूप दिसतं. म्हणजे इथून तिथे जाणारी अक्षरं गुप्त लिपीत जातात, मधल्यांना कळत नाहीत. हे कुलूप प्रत्येक कंपनी स्वतः घडवत नाही. ओपनएसएसएल नावाचं एक तयार कुलूप आहे. फुकट मिळतं, कोणीही घ्यावं, कोणीही लावावं. जगातल्या फार मोठ्या भागाने तेच लावलं होतं. आता दोन संगणक असे बोलत असले की मध्येच शांतता पसरते. मग एक दुसऱ्याला विचारतो, "आहेस ना?" आमची ही दुपारी फोन करून "पोचलात का?" विचारते तसं. त्या सोयीचं नाव हार्टबीट, म्हणजे हृदयाचा ठोका. विचारायची रीत अशी की, "मी 'बोंबील' म्हणतो, त्यात 3 अक्षरं आहेत, तेच मला परत म्हणून दाखव." समोरचा म्हणतो, "बोंबील." झालं, दोघं जिवंत आहेत.

आता एखादा लबाड म्हणतो, "मी 'बोंबील' म्हणतो, त्यात 65 हजार अक्षरं आहेत, परत म्हणून दाखव."

शहाण्याने काय करावं? अक्षरं मोजावीत. पण हे कुलूप मोजत नव्हतं. मागणाऱ्याने सांगितलेला आकडा खरा धरायचं, आपल्या स्मृतीतून 'बोंबील' उचलायचं, आणि आकडा पुरा होईना म्हणून त्याच्या पुढे जे काही पडलं असेल ते वाचत सुटायचं. पुढे काय पडलेलं असणार? थोड्या वेळापूर्वी येऊन गेलेल्या कुणाचा पासवर्ड, कुणाच्या पत्राचा तुकडा, नशीब फुटकं असेल तर त्या कुलपाची स्वतःची किल्ली. एकदा विचारून समाधान झालं नाही तर पुन्हा विचारावं, हजारदा विचारावं, दर वेळी नवे 65 हजार. आणि या संभाषणाची सहसा कुठेच नोंद उरत नव्हती.

लक्षात घ्या, कुलूप कोणी फोडलं नव्हतं. त्याच्या गणिताला धक्का लागला नव्हता. कुलूप फक्त भिडस्त होतं.

हे भोक शोधलं गूगलच्या नील मेहता यांनी, आणि त्यांच्याशी काही संबंध नसताना फिनलंडच्या कोडेनॉमिकॉन या कंपनीतल्या मंडळींनीही. 7 एप्रिल 2014 ला ते जाहीर झालं. हार्टबीटवरून त्याला हार्टब्लीड नाव पडलं आणि रक्त गळणाऱ्या हृदयाचं चित्रही. तेव्हा पाच लाखांच्या आसपास वेबसाइटी उघड्या होत्या असा एका संस्थेचा अंदाज होता. मेहतांना 15 हजार डॉलरचं बक्षीस मिळालं, ते त्यांनी दान करून टाकलं. (हे ऐकून ही माझ्याकडे बघून म्हणाली, "असेही लोक असतात.") कॅनडात तर ऐन करभरणीच्या हंगामात करखात्याची संगणकसेवा बंद ठेवावी लागली, तरी तोवर 900 माणसांचे सामाजिक विम्याचे क्रमांक गेलेच. पुढे त्या प्रकरणी एका 19 वर्षांच्या विद्यार्थ्याला पकडलं.

एवढं झाल्यावर माणूस पहिला प्रश्न काय विचारतो? कोणाच्या चुकीने झालं? मीही तेच विचारलं. त्याचं उत्तरही आहे. रॉबिन सेगलमान या जर्मन संशोधकाने हा भाग लिहिला, आणि तो मुख्य संग्रहात दाखल झाला 31 डिसेंबर 2011 च्या रात्री. (31 डिसेंबरच्या रात्री उत्तनच्या रस्त्याला काय काय दाखल होतं हे पोलिसांना विचारा. त्या मानाने हे काहीच नव्हे.) स्टीफन हेन्सन यांनी तो तपासला. दोघांच्याही नजरेतून एक मोजणी सुटली. सेगलमान यांनी पुढे सरळ कबूल केलं की चूक आपली, पण ती हेतुपुरस्सर नव्हती.

बँकवाल्याला हे फार ओळखीचं वाटतं. आमच्यात याला मेकर-चेकर म्हणतात. एकाने नोंद करायची, दुसऱ्याने तपासून पुढे सोडायची. पद्धत उत्तम आहे. फक्त मेकरला वाटतं, चेकर बघणारच आहे, आणि चेकरला वाटतं, मेकरने बघितलेलंच असणार. आणि सगळ्यात आमच्यासारखी गोष्ट तर पुढेच आहे. हार्टबीटचे नियम एका पत्रकात छापलेले होते, आरएफसी 6520, फेब्रुवारी 2012. त्यात स्वच्छ लिहिलंय की सांगितलेली लांबी अवाच्या सवा असेल तर तो निरोप मुकाट्याने टाकून द्यावा. त्या पत्रकाच्या लेखकांत सेगलमान स्वतः आहेत! नियम लिहिणाऱ्याच्याच हातून नियम सुटला. मला हसू येणार होतं, तेवढ्यात सोळापैकी तेरा आठवले.

पण दोष त्या दोघांवर टाकून मोकळं व्हावं तर भाचा सोडेना. म्हणाला, "मामा, ते कुलूप सांभाळायला किती माणसं होती माहितेय?" मी अंदाज केला, आमच्या मुख्य कार्यालयाइतकी तरी असतील, म्हणजे त्यांतली निम्मी काम करत असतील. तो म्हणाला, पूर्ण वेळ एक. बाकीचे आपापली पोटं सांभाळून फावल्या वेळात हात लावणारे. त्यांच्या संस्थेला वर्षाकाठी देणग्या मिळत सुमारे 2 हजार डॉलर. ज्या कंपन्यांची उलाढाल मोजायला आमच्या कॅल्क्युलेटरवर शून्यं पुरत नाहीत, त्या याच फुकटच्या कुलपावर धंदा करत होत्या. दोन वर्षांहून जास्त काळ ते भोक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मजकूर गुप्त नव्हता, कोणीही उघडून वाचावा. सगळ्यांना वाटत होतं, कोणीतरी वाचलाच असेल.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे. तिचं झाकण दोन पावसाळे तुटलेलं होतं. अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं तेच पाणी पीत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं की सेक्रेटरी वर जाऊन आला असेल. सेक्रेटरीचे गुडघे दुखतात हेही सगळ्यांना माहीत होतं. टाकीत कबूतर सापडलं तेव्हा मीटिंग झाली आणि तीत सर्वात मोठ्याने मी बोललो. महिन्याचा मेंटेनन्स मी तेव्हा तीन महिने भरलेला नव्हता.

तिकडेही कबूतर सापडल्यावर मीटिंग झाली. एप्रिल संपायच्या आत लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने गूगल, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक वगैरे डझनभर कंपन्यांनी वर्षाला किमान एक लाख डॉलर, तीन वर्षं, असं देणं कबूल केलं. आधी का नाही, असं विचारायचा अधिकार मला नाही.

दुरुस्ती म्हणाल तर मोजक्या ओळींची. ज्या दिवशी जाहीर केलं त्याच दिवशी तयार. आधी अक्षरं मोज. आकडा खोटा असेल तर गप्प बस. या दुरुस्तीला पॅच म्हणतात, म्हणजे शुद्ध मराठीत ठिगळ. ठिगळ लावलं की काम झालं, असं मला वाटलं. चड्डीच्या बाबतीत तसं असतं. पण भाचा म्हणाला, "इथेच तर लोक चुकले." ठिगळ लावलं म्हणजे उद्यापासून गळणार नाही. काल जे गळलं त्याचं काय? किल्ली बाहेर गेली असेल तर भोक बुजवून चोराला काय फरक पडतो? त्याच्या खिशात किल्ली आहे, तो समोरच्या दाराने येईल. म्हणून ठिगळ लावायचं, मग जुनी किल्ली रद्द झाल्याचं जाहीर करायचं, नवी घडवायची, आणि मग गिऱ्हाइकांना सांगायचं की बाबांनो, आमच्याकडून गळलं असण्याची शक्यता आहे, आता पासवर्ड बदला. आधी बदलून उपयोग नाही, नवाही त्याच भोकातून जायचा. पहिलं काम बहुतेकांनी केलं. पुढच्या कामांना पुष्कळांनी टाळाटाळ केली. कारण सोपं आहे. ठिगळ गुपचूप लावता येतं. बाकीच्यासाठी तोंड उघडावं लागतं.

मला रात्री आठवत होतं ते हेच शेवटचं. मावशीचं प्रकरण झाल्यापासून मी माझं ठिगळ लावलं होतं. खिडकीवर मी असा काही अबोल झालो की लोकांना वाटलं घरी भांडण झालंय. "पेन्शन जमा झाली का?" "झाली." "व्याज किती पडलं?" "अर्ज आणा." मॅनेजरसाहेब एकदा खाजगीत म्हणाले, ग्राहकसेवेत तुम्ही थोडे कमी पडताय. मी मनात म्हणालो, मी अक्षरं मोजतोय. पण मावशीला मी काही सांगितलं नव्हतं. आणि सांगू नये याची कारणं माझ्याजवळ सुबक ओळीने तयार होती. सांगून पैसे परत येणार नाहीत. घरात उगाच वितुष्ट येईल. तिला मुळात ठाऊकच नसेल की पुतण्याला कुठून कळलं, मग ठाऊक नसलेलं दुःख तिला का द्यावं? शेवटचं कारण मला विशेष आवडायचं. त्यात मी तिच्या भल्यासाठी गप्प होतो.

जुलैत बोटी वर ओढलेल्या असतात, मासेमारीला बंदी असते. तेव्हा माणसं पडवीत बसून जाळी दुरुस्त करतात. आमचे एक खातेदार आहेत, सगळे त्यांना तांडेल म्हणतात. त्यांच्याकडे कर्जाच्या कागदावर सही घ्यायला गेलो होतो. पाऊस लागला म्हणून थांबलो. म्हाताऱ्याची बोटं डोल जाळ्याच्या आसांतून फिरत होती, एकेक आस चाचपत. मी आपलं विचारलं, नाव न घेता, परक्याची गोष्ट म्हणून. असं समजा, एखाद्याच्या हातून असं असं झालं. आता त्याने पुढे नीट वागायचं ठरवलं तर पुरे नाही का?

तांडेल वर न बघता म्हणाले, "जालं शिवलं म्हंजे फुडचं मासं ऱ्हाईल साहेब. गेल्यालं काय जाल्यात येतंय?"

मी म्हणालो, म्हणजे बोलून उपयोग नाहीच ना!

"तसं नाय." त्यांनी दोरा दाताने तोडला. "तुमच्यात कसं असतं ठाव नाय. आमच्यात कन्फेशन असतं. मी लहान व्हतो तवा शेजारनीची कोंबडी चोरली आनि फादरला सांगितली. मना वाटलं, फादरनी माफ केलं, सुटलो. फादर बोलले, देवानं माफ केलं, आता कोंबडी देऊन ये. मी बोललो, खाल्ली. फादर बोलले, मग तिला जाऊन सांग." थोडं थांबून ते म्हणाले, "फादरला सांगाला सोपा व्हता. जालीच्या मागं त्यो दिसत नाय. शेजारीन दिसते."

पाऊस थांबला होता. ते मला सोडायला उठले नाहीत, पण मी दारात पोचल्यावर मागून म्हणाले, "ती एफडी तुमीच सांगितली व्हती का?"

म्हणजे नोंद होती तर. गावभर होती.

इतकं होऊनही मी गेलो नाही, हे प्रामाणिकपणे लिहितो. जुलै गेला, नारळी पौर्णिमा गेली, बोटी पाण्यात गेल्या, वेलंकनीमातेची जत्रा झाली, दिवाळी झाली. रोज ठरवत होतो. भाच्याने सांगितलं होतं की हार्टब्लीडनंतर महिने उलटले तरी ठिगळसुद्धा न लावलेले संगणक शिल्लक होते. तेव्हा मी त्या लोकांच्या आळसाला हसलो होतो. आता मला त्यांचं मन नीट समजू लागलं. ते आळशी नसणार. रोज ठरवत असणार.

डिसेंबरात एका शनिवारी, आमच्या अर्ध्या नव्हे तर पुऱ्या सुट्टीच्या शनिवारी, मी बस धरली. हिला सांगितलं, बोंबील आणायला जातोय. खोटं नव्हतं, पिशवी घेतली होती. किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते, तोंडात तोंड अडकवून, दोरीवर टांगलेले. मावशी टोपलीतून जोड्या लावत होती. मला बघून हात थांबला नाही.

मी म्हणालो, "मावशी, तुमच्या पुतण्याला ती एफडी मी सांगितली. त्याने विचारलं नव्हतं. मी आपण होऊन सांगितली. चूक माझी होती."

सतरा अठरा महिन्यांचं ओझं एवढ्या थोड्या शब्दांत संपेल असं वाटलं नव्हतं. मी पुढे बोलायला गेलो, की हेतू चांगला होता, ऊन फार होतं, पोरगा सालस आहे, आणि गुप्ततेचा कायदा 1924 पासून…

"मना ठाव हाय," मावशी म्हणाली. "त्यानंच सांगितलं त्या दिशी. बोलला, ब्यांकेतला साहेब चांगला हाय, सगला सांगतो." तिने आणखी एक जोडी लावली. "त्यानं तुला काय इचारलं व्हतं?"

"पेन्शन जमा झाली का."

"आनि झाली व्हती?"

"झाली होती."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नव्हतं. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो. वास अंगात मुरत होता. शेवटी काहीतरी करावं म्हणून टोपलीतला बोंबील उचलून जोडी लावायला गेलो, ती जमली नाही. तिने माझ्या हातातून काढून घेतला.

"इंजिन कसं चाललंय?" मी विचारलं.

"बरा हाय. पैसं देतोय थोडंथोडं. दर म्हयन्याला खात्यात टाकतो बोलतो." मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "टाकतो का रं?"

हे मला माहीत होतं. खातं तिचं होतं, पासबुक तिचं होतं, विचारणारी ती स्वतः होती. तरीसुद्धा मी आधी विचारलेलं मनातल्या मनात मोजलं, आणि मग म्हणालो, "टाकतो."

"बरा," मावशी म्हणाली.

बोंबलांचे तिने पुरे पैसे घेतले. सोमवारी ती बँकेत आली. माझ्यापुढे कोणी नव्हतं. मी पेन सरळ केलं, शाईचा पॅड पुढे ओढला. ती दोन नंबरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. जेवणाच्या सुट्टीत मी दोन नंबरच्या सहकाऱ्याला सहज विचारलं, या मावशी तुमच्याकडेच का येतात हो? तो म्हणाला, माझ्या खिडकीवर पंखा आहे.

तो खराच आहे. मी जाऊन बघून आलो.